फेरफार आधी, सातबारा नंतर



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा त्यांना माझ्याकडून कृत्रिम बुद्धिमत्तेची अपेक्षा होती हे आवाजावरूनच कळत होतं. मी म्हटलं, 'घटनांभोवती रचलेल्या संगणकप्रणाली'. ते जरा थांबले आणि म्हणाले, "लोकांना कळेल असं बोला म्हणजे झालं." कळेल. कारण ज्यांच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे अशा इथल्या प्रत्येकाने अशी एक प्रणाली वापरलेली आहे, आणि तिच्यापायी तलाठी कार्यालयाचे हेलपाटेही घातलेले आहेत.

महाराष्ट्रात गावच्या महसुली दप्तराचे एक ते एकवीस नमुने आहेत. त्यांतले सात आणि बारा एकत्र छापले की झाला सातबारा. कर्ज काढताना, विहीर मंजूर करून घेताना, भावाशी भांडताना तो लागतो, म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. नमुना सहा मात्र वकील आणि दलाल सोडले तर फारसं कुणी मागत नाही. तीच फेरफार नोंदवही. तिचे रकाने चारच: नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या हक्काचं स्वरूप, म्हणजे कुणी कुणाला काय दिलं, कधी, कोणत्या दस्ताने, परिणाम झालेले भूमापन क्रमांक, आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, तेव्हापासून ही पद्धत रुळत गेली. आज ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे चालते.

आता क्रम बघा. खरेदीखत झालं. त्याची वर्दी तलाठ्याकडे आली. तलाठी सातबारा उघडून जुनं नाव खोडत नाही. तो आधी सहामध्ये नोंद धरतो. हितसंबंधितांना कलम १५० प्रमाणे नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर त्या फेरफाराचा सातबारावर अंमल दिला जातो: जुन्या नावाला कंस, नवं नाव खाली, आणि नावाशेजारी फेरफार क्रमांक. नोंद नामंजूर झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला मिळत नाही. ती तिथेच राहते, शेऱ्यासकट.

म्हणजे सातबारा हे मूळ कागदपत्र नाही, ते फेरफारांतून निघालेलं फलित आहे. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच, पण प्रणाली बांधताना ते पाळणं भलतंच अवघड जातं. काय झालं ते आधी लिहा. सध्या काय आहे ते त्यातून काढा.

बहुतेक सॉफ्टवेअर उलटं बांधलेलं असतं. डेटाबेसमध्ये एक तक्ता, त्यात ग्राहकाचं नाव, पत्ता, शिल्लक, स्थिती. काही बदललं की त्याच ओळीवर अपडेट मारायचं. जुनं मूल्य गेलं. त्यासोबत कारणही गेलं, आणि कारण जाणं हे मूल्य जाण्यापेक्षा जास्त महागात पडतं. सातबारावर गणपतचं नाव जाऊन रामचंद्रचं आलं, समजा. हे खरेदीने झालं असेल, वारसाने, बक्षीसपत्राने, वाटणीने, न्यायालयाच्या हुकमाने, किंवा लिहिणाऱ्याची चूक कलम १५५ खाली दुरुस्त केली म्हणूनही झालं असेल. तक्त्यात दिसणारा बदल सहाही वेळा सारखाच. पण खरेदी असेल तर मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो, वारस असेल तर बहिणींची नावं लागली का हा प्रश्न येतो, आणि चूकदुरुस्ती असेल तर गणपत कधीच मालक नव्हता. प्रणालीने फक्त 'नाव बदललं' एवढंच जपलं, तर हे सगळे प्रश्न विचारायची सोयच उरत नाही.

गंमत म्हणजे डेटाबेस स्वतः पोटात असा वागत नाही. ओरॅकल असो की पोस्टग्रेस, बदल आधी एका लॉगमध्ये क्रमाने लिहिला जातो आणि मग तक्त्यात उतरतो. वीज गेली आणि सर्व्हर परत उठला की तो लॉग वाचून तक्ता दुरुस्त करून घेतो. डेटाबेस लिहिणाऱ्यांना फेरफाराचं महत्त्व केव्हाचं कळलेलं होतं. तो लॉग आपल्या वापरासाठी नाही, एवढंच आपण गृहीत धरलं होतं.

ते गृहीतक मोडणाऱ्यांमध्ये पुण्यात वाढलेल्या आणि इथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे आहेत, हे सांगताना मला बरं वाटतं. २०१० च्या आसपास लिंक्डइनमध्ये प्रत्येक प्रणालीला दुसऱ्या प्रत्येक प्रणालीची माहिती हवी होती. शोधाला सभासदांचे बदल हवे, शिफारशींना क्लिक हवे, अहवालांना सगळंच हवं. दोघादोघांमध्ये वेगळी नळी टाकत गेलं की नळ्यांची संख्या हाताबाहेर जाते. जे क्रेप्स, जुन राव आणि नारखेडे यांनी मधोमध एक लॉग ठेवला. जे घडेल ते त्याच्या शेवटी लिहायचं. ज्याला हवं त्याने आपल्या वेगाने वाचायचं आणि आपण कुठवर वाचलं याचा आकडा आपणच सांभाळायचा. २०११ साली तो खुला केला गेला. त्याचं नाव काफ्का. लिहिण्यासाठी बनवलेली प्रणाली, म्हणून क्रेप्स यांनी आपल्या आवडत्या लेखकाचं नाव दिलं म्हणतात. सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसाला हे नाव वेगळ्याच कारणाने पटेल.

वाचणाऱ्याने आपला आकडा आपण सांभाळायचा, ही बाब नीट ऐका. संगणकीकृत सातबारा घरी असेल तर काढून बघा. त्यावर 'शेवटचा फेरफार क्रमांक' आणि त्याची तारीख छापलेली असते, आणि 'प्रलंबित फेरफार' असाही एक रकाना असतो. ज्याने ही छपाई ठरवली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. त्या दोन ओळी सांगतात की हा उतारा अमुक नोंदीपर्यंत खरा आहे आणि पुढच्या काही नोंदी अजून मार्गात आहेत. आमच्या क्षेत्रात मोठमोठ्या कंपन्यांच्या पडद्यांवर हे नसतं. ॲप शिल्लक दाखवतं, पण कितव्या घटनेपर्यंतची ते सांगत नाही. मग ग्राहक फोन करतो आणि कॉल सेंटरमधली मुलगी म्हणते, "सर, अपडेट व्हायला थोडा वेळ लागतो." तिला दोष कसा द्यायचा? तिच्याही पडद्यावर तो आकडा नसतो.

घटनांवर चालणाऱ्या प्रणालीत लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात असं अंतर पडतंच. अभियंते त्याला दोष मानत नाहीत, किंमत मानतात, आणि ती किंमत देऊन त्यांना एक मोकळीक मिळते. नोंद झाली की लिहिणारा सुटला. बँक बोजा चढवेल, पीकविमा आपली यादी बदलेल, आकडेवारीवाले आकडे काढतील, कुणी आज, कुणी उद्या. उद्या नवा वाचक आला, तर त्याने पहिल्या नोंदीपासून वाचत यावं, कुणाला विचारायची गरज नाही. ही सोय इतकी मोठी आहे की अंतर सोसायला लोक तयार होतात. फक्त ते अंतर लपवू नये, असं माझं म्हणणं आहे.

अंतर पैशांत पडतं तेव्हा काय होतं हे आपण रोज बघतो. यूपीआय २०१६ साली सुरू झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले. भाजीवाल्याला तुम्ही ऐंशी रुपये पाठवता तेव्हा तुमची बँक, त्याची बँक आणि मधली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन यांच्यात निरोप फिरतात. तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले, ही एक घटना. त्याच्या खात्यात जमा झाले, ही दुसरी. दोन्ही वेगळ्या बँकांच्या वेगळ्या यंत्रांवर घडतात, आणि मध्ये वायर तुटू शकते. वायर तुटली की तुमच्या बँकेला उत्तर येत नाही. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. निरोप पोहोचून पैसे जमा झालेही असतील आणि फक्त परतीची पोच हरवली असेल. अशा वेळी निरोप पुन्हा पाठवावा तर दोनदा जमा होण्याची भीती, न पाठवावा तर एकदाही न होण्याची.

यावरचा तोडगा साधा आहे. प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर घेणाऱ्याने 'हे झालंय' म्हणून जुनंच उत्तर द्यायचं. मग निरोप दहादा पाठवा, पैसे एकदाच. घटनांची प्रणाली बांधणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच विचारतो: हाच निरोप परत आला तर तुझा प्रोग्राम काय करील? बहुतेक जण म्हणतात, परत येणारच नाही. येतो.

आणि पैसे जमा झालेच नाहीत, तर? कापल्याची घटना पुसता येत नाही, ती घडून गेली. म्हणून उलट दिशेची नवी घटना लिहावी लागते: परत जमा. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ साली लांब चालणाऱ्या व्यवहारांसाठी हीच रीत मांडली होती, प्रत्येक पायरीसोबत तिची भरपाई करणारी पायरी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तिला मुदत आणि दंड जोडला. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण पोहोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. नंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये ग्राहकाला. संगणकशास्त्रातली कल्पना परिपत्रकात उतरून ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता थोडं अडचणीच्या बाजूला जाऊ. घटना म्हणजे सत्य, असं या विषयावरचे उत्साही वक्ते सांगतात. मला ते मान्य नाही. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. कलम १५७ एवढंच म्हणतं की प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. प्रणालीतली घटना तेवढीच असते: कुणीतरी सांगितलं, कुणीतरी तपासलं, आपण लिहून घेतलं. म्हणून अर्ज आणि नोंद यांत फरक ठेवावा लागतो. 'माझं नाव लावा' हा अर्ज आहे, तो फेटाळता येतो. 'नाव लागलं' ही नोंद आहे, ती फेटाळता येत नाही, फार तर तिच्याविरुद्ध दुसरी नोंद होते. कच्च्या प्रणालींमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच रांगेत टाकलेल्या मी बघतो. मग तपासणी कुणी करायची यावर दोन टीम भांडतात, आणि मंडळ अधिकाऱ्याची खुर्ची रिकामीच राहते.

दुसरी अडचण काळाची. माणूस १९९८ मध्ये वारला, पोरांनी वारस नोंद केली २०१४ मध्ये. मधली सोळा वर्षं जमीन कुणाची होती? वारसा हक्क मृत्यूच्या क्षणी येतो, पण दप्तराला तो सोळा वर्षांनी कळला. दोन्ही तारखा लिहून ठेवाव्या लागतात, घडल्याची आणि कळल्याची. 'आज आपल्याला जे माहीत आहे त्यानुसार २००५ मध्ये मालक कोण' आणि '२००५ मध्ये आपण मालक कोण समजत होतो' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बँकेने २००५ मध्ये कर्ज दिलं असेल, तर तिच्या बचावासाठी दुसरं उत्तर लागतं. एकच तारीख ठेवणाऱ्या प्रणालीला दोन्ही प्रश्न एकच वाटतात.

अनेक यंत्रं असली की घटनांचा क्रमही घड्याळावरून ठरवता येत नाही, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या निबंधात दाखवलं की भिंतीवरच्या वेळेचा आग्रह सोडून 'हे त्याच्या आधी झालं असणारच' एवढा क्रम पक्का धरता येतो. निरोप पाठवणं हे निरोप मिळण्याच्या आधीच असतं, त्यावरूनच पुढचं बांधायचं. ज्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आला नाही, त्यांत आधी कोण हा प्रश्नच सोडून द्यावा लागतो. काफ्कासुद्धा सगळ्या घटनांचा एक क्रम देत नाही. तो लॉगचे भाग करतो आणि क्रमाची हमी एका भागापुरतीच देतो. फेरफार क्रमांकसुद्धा गावापुरताच असतो. शेजारच्या गावचा ३१२ आणि आपला ३१२ यांत आधी कोणता, हे कुणी विचारत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. भाग कुठे पाडायचे हे असं ठरवायचं असतं: ज्यांचा क्रम महत्त्वाचा, त्या नोंदी एका वहीत.

मग पुनर्लेखन. हाताने लिहिलेल्या सातबाराची पानं साधारण दहा वर्षांनी भरत आणि नवी लिहिली जात. कंसातली नावं सोडून चालू नावं उतरवून घ्यायची. आम्ही याला स्नॅपशॉट म्हणतो. प्रत्येक वेळी पहिल्या नोंदीपासून मोजत बसणं परवडत नाही, म्हणून मध्येमध्ये फलित काढून ठेवायचं आणि तिथून पुढे जायचं. आणि या पुनर्लेखनातच महाराष्ट्रातल्या किती विधवांची, बहिणींची, कुळांची नावं गळली, ते दिवाणी दावे चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा. नाव कोणत्याही फेरफाराने गेलेलं नसतं, पण पुढच्या पानावर ते नसतं. अशा वेळी उपाय एकच: जुने फेरफार काढायचे, एकेक नोंद लावत यायचं आणि कोणत्या पानावर वाट चुकली ते दाखवायचं. सहा नंबर जपून ठेवलेला असल्यामुळेच हे शक्य होतं. या ठिकाणी मी काफ्कावाल्यांना जरा टोचतो. मूळ मांडणीत काफ्का सात दिवसांपूर्वीच्या नोंदी काढून टाकतो. किती काळ ठेवायचं हे बदलता येतं, पण बदलावं लागतं. 'आमच्याकडे सगळ्या घटना आहेत' असं सांगणाऱ्या कंपनीत मी आधी ती एक ओळ बघतो.

पण जपलेल्या नोंदी वाचता आल्या पाहिजेत. जुने फेरफार मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. सॉफ्टवेअरमध्ये हे शंभर वर्षांत होत नाही, तीन वर्षांत होतं. ज्या मुलाने घटनेचा आराखडा ठरवला तो कंपनी सोडून गेलेला असतो, 'प्रकार: ७' म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही, आणि नवा प्रोग्राम जुन्या नोंदीवर अडखळतो. तक्त्याचा आराखडा बदलला तर सगळ्या ओळी एका रात्रीत नव्या आराखड्यात आणता येतात. घटना बदलायच्या नसतात. म्हणून प्रत्येक जुन्या प्रकारासाठी वाचणारा दुभाष्या कायमचा सांभाळावा लागतो. हा खर्च विक्रीच्या सादरीकरणात दिसत नाही.

हा सगळा खर्च बघता मी दोन-तीन हजार सभासदांच्या पतसंस्थेला काफ्का घ्यायला सांगणार नाही. तिथे साधा डेटाबेस घ्यावा आणि त्यात एक तक्ता असा ठेवावा की ज्यावर फक्त भर घालता येते. काम भागतं. काफ्का हे यंत्र आहे, नोंद आधी ही शिस्त आहे, आणि शिस्तीला यंत्र लागतंच असं नाही.

शिस्त आणायची कशी, यावर अल्बर्टो ब्रँडोलिनी या इटालियन सल्लागाराने दशकभरापूर्वी एक रीत काढली, इव्हेंट स्टॉर्मिंग. भिंतीवर लांबलचक कागद लावायचा, धंदा जाणणारे आणि प्रोग्राम लिहिणारे यांना एकत्र उभं करायचं, आणि प्रत्येकाने नारिंगी चिठ्ठीवर भूतकाळात एक घटना लिहून चिकटवायची. दावा दाखल झाला. पंचनामा झाला. रक्कम मंजूर झाली. कुणी 'ग्राहक' किंवा 'पॉलिसी' लिहिलं की ते काढायचं, कारण ते काही घडणं नव्हे. तासाभरात कारकून आणि अभियंता वाद घालायला लागतात, पंचनामा मंजुरीआधी की नंतर. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी हा वाद झाला, म्हणजे निम्मं काम झालं. आमच्याकडचे साहेबलोक अशा बैठकीला स्वतः येतात आणि हाताखालच्यांना पाठवत नाहीत, तेव्हा ती फसते. क्रम खरा ठाऊक असतो तो टेबलावर फाईल हलवणाऱ्याला. साहेबाला आकृती ठाऊक असते.

शेवटी एका प्रश्नाकडे येतो, ज्याचं समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. युरोपात असा हक्क २०१८ पासून अमलात आहे. आणि आपण तासभर बोलतोय अशा नोंदवहीबद्दल, जिच्यातलं काही पुसायचं नाही. तंत्रज्ञांनी एक वाट काढली आहे. प्रत्येक माणसाची माहिती त्याच्यापुरत्या वेगळ्या किल्लीने कुलूपबंद करून नोंदीत लिहायची, किल्ली दुसरीकडे ठेवायची, आणि मागणी आली की किल्ली नष्ट करायची. नोंद राहते, वाचता येत नाही. पण किल्लीची बॅकअप प्रत कुठे राहिली नाही ना, हे कोण शपथेवर सांगणार? मला त्यापेक्षा साधी गोष्ट पटते. नोंदीत नाव-पत्ता लिहूच नये, फक्त खात्याचा क्रमांक लिहावा, आणि नाव-पत्ता वेगळ्या तक्त्यात, पुसता येईल असा ठेवावा. दुकानाच्या, बँकेच्या, रुग्णालयाच्या बऱ्याच घटनांना हे पुरतं. फेरफाराला पुरत नाही. तिथे कुणी कुणाला दिलं हाच नोंदीचा मजकूर असतो, नाव काढलं तर मागे फक्त क्षेत्र आणि आकारणी उरते. अशा नोंदींचं काय करायचं, यावर सभागृहात कुणी कायद्याचे जाणकार असतील तर प्रश्नोत्तरांत त्यांनीच आधी बोलावं.